चणे दोन मुठी, वाळू कढईभर

मंडळी, भडभुंजा चणे कसे भाजतो ते पाहिलंय ना? आधी कढईभर वाळू तापवायची, मग त्या वाळूत चणे. कृत्रिम ग्रॅफाइटही गेली सव्वाशे वर्षं बरंचसं असंच भाजलं जातंय.

ही पद्धत एडवर्ड अ‍ॅचेसनची. हा गडी आधी एडिसनकडे कामाला होता. १८९१ मध्ये चिकणमाती आणि कोक यांच्या मिश्रणातून वीज सोडताना त्याच्या हाती सिलिकॉन कार्बाइड लागलं. तेच अजून तापवलं तर सिलिकॉन उडून गेलं आणि मागे उरलं ग्रॅफाइट! १८९६ मध्ये त्याने पेटंट घेतलं. नायगाराची वीज हाताशी होतीच.

त्याच्या भट्टीत कार्बनच्या कांड्या रचतात, फटींमध्ये कोक भरतात, भोवती जाड थर देतात. वीज मुख्यतः कोक तापवते आणि कोक कांड्यांना २८००-३००० अंश सेल्सिअसपर्यंत नेतो. तापायला कित्येक दिवस, निवायला त्याहून जास्त. बरीचशी वीज 'वाळू' तापवण्यातच जाते.

गंमत म्हणजे त्याच सुमारास हॅमिल्टन कास्टनरने वेगळा मार्ग दाखवला होता. कांड्या टोकाला टोक लावून दाबून धरा आणि वीज थेट त्यांच्यातूनच सोडा. म्हणजे कांडी हीच शेगडी! दिवसांचं काम तासांत. पण कास्टनर १८९९ मध्ये गेला आणि कारखान्यांनी ही युक्ती खऱ्या अर्थाने उचलली ती १९७० च्या दशकानंतर. कारणं साधी आहेत. तिला प्रचंड विद्युतप्रवाह लागतो, सांधे पक्के लागतात. अ‍ॅचेसनची भट्टी मात्र दणकट, कुठल्याही आकाराचा माल घ्या. आणि वीज स्वस्त असली की वाळू तापवणं कुणाला खुपत नाही.

आज प्रश्न बॅटरीचा आहे. लिथियम-आयन बॅटरीतलं ग्रॅफाइट भुकटीच्या रूपात लागतं. भुकटीला टोकाला टोक कसं लावणार? म्हणून ती मुशीत भरून अजूनही अ‍ॅचेसनच्या भट्टीत जाते.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने कपॅसिटरमधली वीज एका झटक्यात थेट कार्बनच्या भुकटीतून सोडली. १०० मिलिसेकंदांच्या आत ३००० केल्व्हिनच्या वर, आणि हाती ग्राफीन. वीज लागली ग्रॅमला ७.२ किलोज्यूल, म्हणजे किलोला फक्त २ युनिट!

अर्थात हे ग्राफीन, बॅटरीचं ग्रॅफाइट नव्हे. आणि प्रयोग ग्रॅमचे, कारखान्याला हवेत टन. कास्टनरची कल्पनाही कागदावर उत्तमच होती, तरी पाऊणशे वर्षं पडून राहिली. या वेळी इतकी वाट बघणं परवडणारं नाही.

असो. वीकान्त संपत आला, चहा घेतो.