ग्रह-तारे बघायच्या टेलिस्कोपने पक्ष्यांचे फोटो कसे काढतात?

खंड्याच्या डोळ्यातली चमक दिसावी असा एखादा फोटो टाइमलाइनवर येतो. खाली पहिली कमेंट ठरलेली असते, "लेन्स कोणती?" बहुतेक वेळा उत्तर ऐकून पुढे काही विचारायची सोय राहत नाही, कारण ६०० मिमी एफ/४ ची लेन्स दहा लाखांच्या वर जाते. पण कधीकधी उत्तर वेगळंच येतं, "लेन्स नाही, शनीची कडी बघायला घेतलेला टेलिस्कोप आहे."

हे खरंच जमतं का? जमतं. सगळ्या टेलिस्कोपने जमत नाही आणि सगळ्या पक्ष्यांवर तर मुळीच जमत नाही. त्यामुळे घरात धूळ खात पडलेला टेलिस्कोप काढण्याआधी किंवा फक्त यासाठी नवा घेण्याआधी त्याची मर्यादा कळलेली बरी.

सुरुवात कुठून झाली?

१९५४ साली अमेरिकेत क्वेस्टार नावाचा साडेतीन इंची टेलिस्कोप विक्रीला आला. दिमित्री माक्सुतोव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये शोधलेली रचना त्यात वापरली होती. पुढे जाड वाकडी काच, मागे आरसा, आणि प्रकाश आतल्या आत दुमडल्यामुळे नळी एकदम आखूड. रात्री ग्रह आणि दिवसा पक्षी, अशी दोन्ही कामं तो करायचा, पण तो महाग होता. आज ९० मिमीचे माक्सुतोव टेलिस्कोप बरेच जण बनवतात आणि ते मध्यम फोनच्या किमतीच्या आसपास मिळतात.

दुसरी वाट १९९९ मध्ये सापडली. मलेशियातले पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी छोटा डिजिटल कॅमेरा पक्षी बघायच्या स्कोपच्या आयपीसला लावून पाहिला आणि फोटो अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगला आला. या प्रकाराला 'डिजिस्कोपिंग' हे नाव फ्रान्सच्या आलँ फोसे यांनी दिलं. आज फोन क्लिपमध्ये अडकवून आयपीसला लावतात तो याच प्रकाराचा धाकटा भाऊ.

टेलिस्कोप लेन्ससारखा कसा वागतो?

टेलिस्कोपच्या डब्यावर दोन आकडे लिहिलेले असतात. ९० मिमी हा तोंडाचा व्यास आणि १२५० मिमी हे नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंग्थ. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की एफ/१३.९ मिळतो. आयपीस काढून तिथे कॅमेरा बसवला की हा सगळा ऐवज म्हणजे १२५० मिमीची लेन्स झाली. तिच्यात ऑटोफोकस नाही, छिद्र लहानमोठं करायची सोय नाही आणि हात स्थिर करणारी यंत्रणाही नाही.

खंड्या साधारण २८ सेंमीचा असतो. तो २० मीटरवर बसला असेल तर या टेलिस्कोपमधून सेन्सरवर त्याची प्रतिमा सुमारे १७ ते १८ मिमीची पडते. मध्यम कॅमेऱ्यातला एपीएस-सी सेन्सर साडेतेवीस मिमी रुंद असतो, म्हणजे फ्रेम जवळजवळ भरली. ४०० मिमीच्या लेन्समधून तोच पक्षी साडेपाच मिमीचा येईल. लोकांना मोह पडतो तो याच फरकाचा.

आता दुसरी बाजू. त्या २० मीटरवर फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम १४-१५ सेंमीचा असतो. डोळा टिपला तर शेपटीचं टोक धूसर होऊ शकतं. पक्षी फांदीवर अर्धी वीत पुढे सरकला की फोकस पुन्हा हाताने फिरवायचा.

आणि उजेड. भर उन्हात एफ/१६ वर आयएसओच्या आकड्याइतका शटर स्पीड लागतो, हा फोटोग्राफीचा जुना ठोकताळा आहे. त्या हिशोबाने एफ/१३.९ वर आयएसओ ८०० ठेवला तर १/१००० सेकंद मिळतो. उत्तम. पण तोच पक्षी झाडाच्या सावलीत गेला की उजेड तीन-चार पायऱ्यांनी उतरतो आणि हातात १/१२५ ते १/६० उरतो. १२५० मिमीवर एवढ्या वेळात नुसत्या वाऱ्याने हललेला ट्रायपॉडही फोटो घालवतो. आयएसओ वाढवायचा तर दाणे येतात. ढगाळ सकाळ, दाट आमराई, पश्चिम घाटातलं जंगल, या ठिकाणी हा टेलिस्कोप न्यायच्या भानगडीत पडू नये.

मग कोणता टेलिस्कोप चालतो?

दुर्बिणींच्या दुकानात 'मुलांसाठी' म्हणून मिळणारा डुगडुगत्या स्टँडवरचा टेलिस्कोप या कामाचा नाही. उरतात तीन प्रकार.

माक्सुतोव आखूड असतो, हलका असतो, आणि फोकस करताना आतला मुख्य आरसा सरकत असल्याने जवळच्या-लांबच्या दोन्ही पक्ष्यांवर लागतो. त्याची खोड म्हणजे पाठीमागचे उजळ ठिपके मेदूवड्यासारखे गोल कड्यांचे दिसतात. पाण्यावरच्या चमचमाटात हे वडे भरपूर निघतात. कुणाला आवडतात, बहुतेकांना नाही.

भिंगाचा छोटा टेलिस्कोप, त्यातही रंगांची किनार कमी करणाऱ्या ईडी काचेचा, हा पक्ष्यांसाठी सर्वात सरस. ७२ मिमी व्यास आणि ४२० मिमी फोकल लेंग्थ असलेला टेलिस्कोप एफ/५.८ चा असतो. माक्सुतोवपेक्षा त्यात पावणेसहा पट उजेड सेन्सरवर पडतो. सावलीतला तोच पक्षी १/७०० ते १/३५० वर निघतो, म्हणजे फोटो मिळण्याची आशा तरी राहते. प्रतिमा लहान येते हे खरं, पण कापून मोठी करता येते. यात एक अडचण हमखास येते. आयपीसआधीचा कोनातला आरसा काढून कॅमेरा थेट लावला की फोकसची नळी पूर्ण बाहेर काढूनही चित्र स्पष्ट होत नाही, कारण तो आरसा जेवढी जागा खात होता तेवढी कमी पडते. पक्षी जितका जवळ तितकी नळी अजून बाहेर हवी. मध्ये जोडनळी घातली की काम होतं. बऱ्याच जणांनी टेलिस्कोप खराब निघाला असं समजून परत केलेला असतो तो इथे.

न्यूटोनियन, म्हणजे तोंडाजवळ बाजूला आयपीस असलेला, आकाशासाठी स्वस्त आणि मस्त. पक्ष्यांसाठी नाही. उलटं चित्र, लांब नळी आणि बाजूला लोंबकळणारा कॅमेरा घेऊन पक्ष्याच्या मागे फिरणं म्हणजे शिडी घेऊन लोकलमध्ये चढण्यासारखं आहे.

जास्त फोकल लेंग्थ म्हणजे जास्त बारकावे, असं मात्र नाही. बारकावे ठरतात तोंडाच्या व्यासावर. एफ/१३.९ वर प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे १९ मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो आणि २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्याचा पिक्सेल चार मायक्रॉनच्या आसपास असतो. एक बिंदू पाच पिक्सेलवर पसरला. म्हणून १०० टक्के झूम करून पाहिलं की माक्सुतोवचा फोटो मऊ वाटतो. इन्स्टाग्रामवर फोटो १०८० पिक्सेल रुंदीचा होतो तेव्हा हे कुणाच्या लक्षात येत नाही. मोठं पोस्टर छापायचं असेल तर येईल.

जोडायचं कसं?

कॅमेऱ्यासाठी टी-रिंग मिळते. तिची एक बाजू त्या कंपनीच्या कॅमेऱ्यात लेन्ससारखी बसते, दुसऱ्या बाजूला ४२ मिमीचे आटे असतात. त्यात आयपीसच्या जागी जाणारी सव्वा इंची किंवा दोन इंची नळी फिरवायची. दोन इंचाची सोय असेल तर तीच घ्यावी, कोपरे काळे पडत नाहीत. कॅमेऱ्याला 'लेन्स नाही' असं वाटून तो क्लिक करायला नकार देतो, तेव्हा मेनूत लेन्सविना शटर चालू करायचा पर्याय शोधावा लागतो.

फोन लावायचा तर सगळ्यात कमी मोठं दाखवणारं आयपीस वापरावं. १२५० मिमीला ३२ मिमीचं आयपीस लावलं की ३९ पट होतं. नवशिके नेमकं उलट करतात, १० मिमीचं लावतात आणि अंधारात पक्षी शोधत बसतात. फोनच्या चित्राभोवती काळं वर्तुळ दिसतं, ते फोनवर दुप्पट झूम केल्यावर जातं. कोनातल्या साध्या आरशातून काढलेला फोटो डावा-उजवा उलटा असतो. पक्षी ओळखायला त्याने फरक पडत नाही, पण मागे पाटी असेल तर पकडले जाता.

स्टँडचा मुद्दा लोक शेवटी बघतात, खरं तर तो आधी यायला हवा. ताऱ्यांचा माग घेणारा विषुववृत्तीय स्टँड पक्ष्यांच्या कामाचा नाही, वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरळ फिरणारं डोकं हवं. क्लिक बोटाने न करता रिमोटने करावं.

एक धोका कायम लक्षात ठेवायचा. दिवसा टेलिस्कोप फिरवताना नजर आयपीसला असेल आणि नळी सूर्यावरून गेली तर डोळा कायमचा जाऊ शकतो. शोधक दुर्बिणीनेही तेच होतं. घारीच्या मागे आकाशात टेलिस्कोप फिरवू नये, तसंही उडती घार यात सापडत नाहीच.

कुठे आणि कोणते पक्षी?

एका जागी बसणारे. ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेला पिंगळा, तारेवरचा नीलपंख, पाण्यात पुतळा झालेला राखी बगळा, चित्रबलाक. शिंजीर आणि वटवट्या विसरून जावं.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला बहुतेक लोक होडीने जातात. होडीत टेलिस्कोपचा काही उपयोग नाही, तिथे हातात धरायची लेन्सच बरी. काठावर ट्रायपॉड रोवून बसायची तयारी असेल तरच तो न्यावा. नांदूर मध्यमेश्वरला निरीक्षण मनोरे आहेत, पण मनोऱ्यावर शेजारी कुणी पाय हलवला तरी चित्र थरथरतं.

वेळ सकाळची. ऊन चढलं की जमिनीवरची आणि पाण्यावरची हवा उकळल्यासारखी हलते आणि १०० मीटरवरचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. हा दोष टेलिस्कोपचा नाही, त्यामुळे महागडी लेन्सही तिथे हरते.

अभयारण्यात फोटोसाठी वनविभागाचे नियम आणि परवानगी बघूनच जावं. घरट्यांबद्दल तर कायदा आणखी कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं येतं. बंदूक न उचलताही माणूस त्या व्याख्येत जाऊ शकतो.

टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. एप्रिलच्या उन्हात कुणी जवळ आलं की ती ओरडत उठते आणि तेवढा वेळ अंडी तापत राहतात. फोनने फोटो काढायला पाच पावलांवर जावं लागतं. १२५० मिमीच्या टेलिस्कोपमधून ४० मीटरवरची टिटवी सेन्सरवर १० मिमीची येते, तीही अंड्यांवर बसलेली.