रेडिंग स्टेशनवर हरवलेली बॅग

"बॅकअप होता का?" हा आमच्या धंद्यातला सगळ्यात निर्दयी प्रश्न. कारण तो विचारला जातो तेव्हा उत्तर बहुतेक वेळा सगळ्यांनाच ठाऊक असतं. १९१९ च्या अखेरीस हाच प्रश्न कुणी टी. ई. लॉरेन्सला विचारला असता, तर त्याचं उत्तर ऐकून कुठलाही सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर खुर्चीतून पडला असता. बॅकअप नव्हताच, पण ज्याच्यावरून पुन्हा सगळं उभं करता आलं असतं तो कच्चा मालही साहेबांनी स्वतःच्या हातांनी नष्ट केला होता!

हा लॉरेन्स म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'. १९६२ चा पिक्चर तुम्ही बहुधा पाहिला असेल. (वाळवंटात मागे राहिलेला गासिम म्हणजे आपले आय. एस. जोहर, हे मला फार उशिरा कळलं.) पिक्चरमध्ये उंट भरपूर आहेत, पण मला या माणसाची खरी लढाई वाटते ती नंतरची, कागदावरची.

पहिलं महायुद्ध संपल्यावर पॅरिसला शांतता परिषद भरली होती. तिथे अरबांची बाजू मांडता मांडता लॉरेन्सने 'सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम' लिहायला घेतलं. फेब्रुवारी ते जून १९१९ या काळात बरेचसे भाग झाले. प्रस्तावना त्याने इजिप्तच्या विमानप्रवासात लिहिली. या प्रवासात विमान रोमला कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले, हा जखमी होऊन वाचला. तर असं करत करत अडीच लाख शब्दांचं बाड तयार झालं. हाताने लिहिलेलं, एकुलतं एक. जेमतेम तिघांनी त्यातला बराचसा भाग वाचला होता. आणि एकेक भाग पूर्ण झाला की त्यासाठी वापरलेली युद्धकाळातली टिपणं तो नष्ट करत गेला होता.

मग रेडिंग स्टेशनवर गाडी बदलताना बॅग राहिली. संपलं. बॅग काही सापडली नाही, आजतागायत नाही. प्रस्तावना आणि नवव्या-दहाव्या भागांचे कच्चे खर्डे तेवढे वाचले, बाकी सगळं गेलं. त्याने ती मुद्दामच सोडली, असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. मुद्दाम टाकून दिलेल्या गोष्टीसाठी माणूस पुढची सहा-सात वर्षं जीव काढत नाही.

पुन्हा लिही, असा आग्रह त्याचे जुने गुरू डी. जी. होगार्थ यांनी धरला. महिनाभराने तो बसला लंडनमधल्या बार्टन स्ट्रीटवरच्या एका माळ्यावर. हे घर हर्बर्ट बेकरचं, म्हणजे ज्याने ल्युटेन्सबरोबर आपली नवी दिल्ली बांधली तोच. तिथे तीन महिन्यांच्या आत निव्वळ आठवणीतून दहा भाग, सुमारे चार लाख शब्द! सहावा भाग तर म्हणे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत, एका बैठकीत.

इथे जरा थांबूया, कारण खरी गंमत इथे आहे. हरवलेलं बाड अडीच लाखांचं आणि आठवून लिहिलेलं चार लाखांचं. म्हणजे रिस्टोअर केलेली फाइल मूळ फाइलपेक्षा दीडपटीहून मोठी! असं आमच्याकडे झालं तर आम्ही आधी घाबरतो. स्वतः लॉरेन्सचंही या दुसऱ्या खर्ड्याबद्दल फार चांगलं मत नव्हतं, लिखाण म्हणून तो त्याला भिकारच वाटला. पण १९२० भर त्याने एक शहाणपणाचं काम केलं. कैरोहून निघणाऱ्या 'अरब बुलेटिन' या गुप्त सरकारी पत्रिकेत त्याचे स्वतःचे युद्धकाळातले अहवाल छापले होते. त्या फायली, दोन डायऱ्या आणि उरलीसुरली टिपणं घेऊन त्याने मजकूर ताडून पाहिला. म्हणजे बॅकअप नसला तरी लॉग फायली दुसऱ्याच सर्व्हरवर शिल्लक होत्या म्हणायच्या :)

पण लॉगमध्ये सगळं नसतं ना. नोव्हेंबर १९१७ मध्ये दरा या गावी आपल्याला तुर्कांनी पकडून छळ केला, असं लॉरेन्स सांगतो. पुस्तकातला सगळ्यात वादग्रस्त प्रसंग हाच. तो छापील पुस्तकाच्या सहाव्या भागात येतो, आणि डायरीतलं नेमकं त्या दिवसांचं पान फाडलेलं आहे. इतिहासकार त्यावर अजून भांडतात. पहिला खर्डा हाती असता तर निदान युद्धानंतर लगेच, १९१९ मध्ये, त्याने हे कसं सांगितलं होतं ते तरी कळलं असतं. माझ्या मते रेडिंगला झालेलं खरं नुकसान हे आहे. बाकी वाक्यं काय, पुन्हा लिहिता येतात.

असो. दुसरा खर्डाही त्याने १९२२ मध्ये जाळला, एक पान सोडून. तोवर तिसरा, सुमारे ३ लाख ३० हजार शब्दांचा, तयार झाला होता. आणि आता मात्र गडी शिकला! ऑक्सफर्डच्या एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात त्याने या मजकुराच्या आठ प्रती छापून घेतल्या. टाइप करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, हा हिशेब त्यामागे होताच. मोजके मित्र वाचक म्हणून निवडले आणि प्रती वाटल्या. हाच मजकूर १९९७ मध्ये छापून बाहेर आला, तो या प्रती टिकल्या म्हणून.

पुढचा प्रकार म्हणजे स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या सगळ्या लेखकांनी वाचावा असा. प्रकाशकाकडे न जाता त्याने वर्गणीदारांसाठी खाजगी आवृत्ती काढायची ठरवली. किंमत ३० गिनी, प्रती साधारण २००. रंगीत चित्रं, उत्तम कागद, उत्तम बांधणी. पानावर ओळी देखण्या बसाव्यात म्हणून तो चक्क वाक्यं तोडायचा, वाढवायचा. डिझाइनसाठी मजकूर बदलणारा क्लायंट सगळ्यांना माहीत असतो, इथे लेखक स्वतःच तसा निघाला. १९२६ च्या अखेरीस पुस्तक निघालं तेव्हा मजकूर फिरून अडीच लाख शब्दांवर आला होता आणि खर्च वर्गणीच्या कितीतरी पुढे गेला होता. कर्ज फेडायला १९२७ मध्ये 'रिव्होल्ट इन द डेझर्ट' ही संक्षिप्त आवृत्ती काढली. ती तडाखेबंद खपली, कर्ज फिटलं आणि फिटताच त्याने ती इंग्लंडमध्ये बंद करायला लावली. पूर्ण पुस्तक सर्वसामान्य वाचकांना मिळालं ते १९३५ मध्ये, तो मोटरसायकलच्या अपघातात गेल्यानंतर.

१९२७ च्या जानेवारीत हा माणूस विमानदलातला साधा शिपाई म्हणून कराचीत उतरला होता. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे एका अर्थी आपल्याच इलाख्यात. तिथे १९२८ मध्ये त्याने 'द मिंट' या आपल्या पुढच्या पुस्तकाची स्वच्छ प्रत हाताने काढली आणि ती इंग्लंडला एडवर्ड गार्नेटकडे पाठवली. गार्नेटने तिच्या टाइप केलेल्या प्रती करून घेतल्या.