कंबरेचं ऑपरेशन, केनेडी आणि आपल्याकडची पुडी

मंडळी, परवा मुरबाडच्या एसटी स्टँडवर एक ओळखीचे काका भेटले. जन्मभर भातलावणी, उन्हाळ्यात वीटभट्टी. आता कंबरेच्या ऑपरेशनची तारीख मिळालीय. म्हणाले, "भाऊ, डॉक्टर मोठा आहे. भ्यायचं कशाला?" मला जुनी गोष्ट आठवली.

मणक्यांमधली गादी सरकून नस दाबते आणि पायात कळ जाते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली नीट मांडलं. तिथून ही ऑपरेशनं वाढली. पुढे गोव्याचे डॉ. प्रेमानंद रमाणी यांच्यासारख्यांनी मुंबईत त्यात मोठं काम केलं.

पण २१ ऑक्टोबर १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये काय झालं बघा. पेशंट होते सिनेटर जॉन केनेडी, वय ३७. पैसा होता, नामांकित हॉस्पिटल होतं. पण त्यांना ॲडिसनचा आजार होता, म्हणून स्टिरॉइड चालू होतं. कंबरेत प्लेट बसवली आणि तिसऱ्याच दिवशी इन्फेक्शन झालं. ते कोमात गेले, धर्मगुरूंनी अखेरची प्रार्थनाही केली. वाचले, पण जखम चिघळली. फेब्रुवारी १९५५ मध्ये पुन्हा ऑपरेशन करून प्लेट काढावी लागली. त्याच वर्षी ही केस नाव न देता एका वैद्यकीय मासिकात छापून आली. सहा वर्षांनी तोच माणूस अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

सांगायचं हे, की धोक्याचा मोठा भाग पेशंट टेबलावर जातो तेव्हा त्याच्या अंगातच असतो. शुगर ताब्यात नसेल तर जखम पिकते. विडी-तंबाखूने हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. अंगात रक्त कमी, वजन जास्त, आधी त्याच जागी ऑपरेशन झालेलं, ही सगळी जोखीमच.

आणि आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आणखी एक गोष्ट असते, दुखण्यावरची पुडी. दोन दिवसांत कंबर मोकळी करणाऱ्या अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलंय. केनेडींच्या डॉक्टरांना स्टिरॉइडचं माहीत तरी होतं. आपण पुडीचं सांगतच नाही. बायका मशेरीचं लाजून सांगत नाहीत.

काकांना विचारलं तेव्हा खिशातून पुडी निघाली. म्हटलं, ही डॉक्टरांना दाखवा. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्यातही धोका असतो. रक्ताच्या गोळ्यांचंही तसंच.

घाबरून ऑपरेशन टाळाही नका. पाय लुळा पडत असेल, लघवी-संडासवरचा ताबा जात असेल, तर एक दिवसही थांबू नका.

तुमच्या घरात कोणाची तारीख ठरली असेल तर हे वाचून दाखवा. गावच्या ग्रुपवर टाका. डॉक्टरपुढे लाजायचं नाही, एवढंच.