वाढवतं की दाबतं?

एखादं औषध प्रतिकारशक्ती वाढवतं की दाबतं, हा प्रश्न रोगप्रतिकारशास्त्रात येणारा प्रत्येकजण पहिल्याच दिवशी विचारतो. काढ्यांच्या जाहिरातींनी तो आपल्या अंगवळणी पाडला आहे. थॅलिडोमाइडपुढे मात्र तो टिकत नाही.

या औषधाचा इतिहास भीषण आहे. 1957 पासून पश्चिम जर्मनीत ते झोपेची गोळी म्हणून खपलं आणि हजारो बाळं हातापायांचं व्यंग घेऊन जन्मल्यावर 1961 मध्ये बाजारातून उठलं. पुढे 1964 मध्ये जेरुसलेमला जेकब शेस्किन यांनी कुष्ठरोग्यांना झोप लागावी म्हणून ते दिलं, तर या रोगात उसळणाऱ्या दाहाचा, म्हणजे ‘रिअ‍ॅक्शन’चा ताप आणि अंगावरच्या दुखऱ्या लाल गाठी झपाट्याने ओसरल्या.

ते का, याचा धागा हाती लागायला 1991 उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गिला काप्लान यांच्या गटाने तो माणसाच्या पांढऱ्या पेशींत शोधला. अशा प्रयोगाची पूर्वतयारी साधी असते. पातळ केलेलं रक्त फायकॉल या दाट द्रवावर अलगद सोडून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. तांबड्या पेशी तळाशी बसतात, प्लाझ्मा वर राहतो, मधे पांढऱ्या पेशींची धुरकट कडी दिसते. ती पिपेटने उचलून प्लास्टिकच्या ताटलीत ठेवली की त्यांतल्या मोनोसाइट नावाच्या पेशी तळाला चिकटतात, बाकीच्या बहुतेक पेशी धुऊन जातात. चिकटलेल्या मोनोसाइटना जीवाणूंच्या आवरणातल्या द्रव्याने डिवचलं की त्या टीएनएफ-अल्फा हे दाह भडकवणारं प्रथिन सोडतात. थॅलिडोमाइड घातलं की ते बरंच घटतं.

म्हणजे दाबतं? पण धुऊन गेलेल्यांत टी-पेशी होत्या. अर्धवट चेतवलेल्या टी-पेशींना हेच औषध उलट जोर देतं, आणि इंटरल्यूकिन-2 हा त्यांच्या वाढीचा संदेश देणारा रेणू वाढतो. हे 1998 मध्ये दिसलं.

2010 मध्ये जपानी संशोधकांना सेरेब्लॉन हे प्रथिन सापडलं. औषध त्यालाच जाऊन बसतं. मग इकारोस आणि आयोलोस ही प्रथिनं पेशीच्या विल्हेवाट यंत्रणेकडे जातात. टी-पेशीत ती इंटरल्यूकिन-2 ला आवर घालतात, म्हणून ती गेली की इंटरल्यूकिन-2 वाढतं. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी तर या दोन प्रथिनांवरच जगतात, म्हणून ती गेली की त्या मरतात!

उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये मोक्याच्या जागी एकच अमिनो आम्ल वेगळं आहे, तेवढ्याने हा परिणाम हुकतो. म्हणून या पुस्तकातले बहुतेक प्रयोग माणसाच्या रक्तावरचे आहेत, आणि रक्तदात्यागणिक हलणारे आकडे सरासरीत न दडवता तसेच छापले आहेत.