ओतायचं की कोरायचं?

मंडळी, आज संगणकाला पाणी पाजण्याचा इतिहास. मेनफ्रेमवाल्यांना यात नवल नव्हतं. आयबीएमच्या सिस्टिम/360 मॉडेल 91 मध्ये 1960 च्या दशकातच पाणी खेळत होतं. घरगुती उद्योग सुरू झाले ते फार नंतर. 1998 साली इंटेलचा सेलेरॉन 300ए आला. बस 66 वरून 100 मेगाहर्ट्झवर नेली की हा 300 चा गडी 450 वर पळायचा. फुकटात दीडपट! मग काय, हाव सुटली आणि उष्णताही वाढली. पंप मत्स्यालयाचा, रेडिएटर गाडीच्या हीटरचा, असं जुळवता यायचं. पण प्रोसेसरवर बसणारा धातूचा ठोकळा, म्हणजे वॉटर ब्लॉक, बहुतेकांना स्वतःच करावा लागे.

इथे वाद. ओतकामाचा मोह साहजिक आहे. अमेरिकेत डेव्ह गिंजरी यांनी 1980 च्या सुमारास पुस्तकं लिहून दाखवलं होतं की अंगणातल्या कोळशाच्या भट्टीत भंगार ॲल्युमिनियम वितळवून अख्खं लेथ बनवता येतं. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, वाळूचा साचा केला की झालं. मग ठोकळा का नको?

कारण धातू बदलतो. शुद्ध ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता साधारण 235, पण सिलिकॉन मिसळलेल्या ओतीव मिश्रधातूची बरेचदा 100 ते 150 च. तांब्याची 400 च्या आसपास (सगळे आकडे वॅट प्रति मीटर-केल्विन). बरं, तांबंच ओतू म्हणाल तर 1085 अंश हवेत, शिवाय वितळलेलं तांबं वायू पितं आणि थिजताना बुडबुडे सोडतं. फॉस्फरस टाकून ऑक्सिजन काढता येतो, पण त्याने वाहकताच घसरते. आणि आत बारीक छिद्रं राहिली तर पाणी झिरपून थेट मदरबोर्डवर! त्यापेक्षा तांब्याची पट्टी आणावी, आडवी-उभी भोकं पाडावीत, टोकं बुजवावीत, तळ काचेवर सँडपेपर ठेवून घासावा. कंटाळवाणं, पण भरवशाचं.

हे दुखणं जुनंच. जेम्स वॅटने 1769 मध्ये पेटंट घेतलं, तरी इंजिन अडलं होतं. सिलिंडर नीट गोल मिळेना, वाफ निसटायची. तो ओतता येत होता, अचूक कोरता येत नव्हता. जॉन विल्किन्सनने 1775 च्या सुमारास कोरण्याच्या दांड्याला दोन्ही टोकांना आधार दिला आणि 1776 मध्ये वॅटची इंजिनं कामाला लागली.

म्हणून ओतकामाला नावं ठेवू नका. विल्किन्सनचा सिलिंडर आधी ओतीवच होता. गिंजरींनीही भट्टीतून लेथचे भाग काढले आणि ते घासून-कोरून जुळवले. माझं मत विचाराल तर भट्टी लेथसाठी पेटवा. ठोकळा मग त्या लेथवर करा.