उपभोक्ता संस्कृती आणि विचारप्रणाली : 'लातूर पॅटर्न'च्या उदाहरणातून

उपभोक्ता संस्कृती म्हणजे अशी समाजव्यवस्था, जिच्यात माणसाची गरज, हौस, प्रतिष्ठा आणि स्वतःची ओळखही विकत घेतलेल्या वस्तू आणि सेवांमधून व्यक्त होते. मराठीत तिला अनेकदा 'चंगळवाद' म्हटले जाते. पण हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे नाहीत. चंगळवाद हा माणसाच्या वागण्यावर मारलेला नैतिक शेरा आहे. उपभोक्ता संस्कृती हे एका व्यवस्थेचे वर्णन आहे. चैन करणारा जसा तिचा भाग असतो, तसेच पोटाला चिमटा काढून खर्च करणारे कुटुंबही तिचा भाग असते. लातूर आणि नांदेड येथील खासगी क्लासची बाजारपेठ हे याचे जवळचे उदाहरण आहे. सांस्कृतिक अभ्यास या ज्ञानशाखेतले बरेचसे प्रमुख सिद्धांत या एका उदाहरणावरून समजू शकतात.

पार्श्वभूमी

१९८० आणि ९०च्या दशकांत लातूरच्या राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांनी बारावीच्या तयारीची एक पद्धत रुजवली. सुट्टीतले जादा तास, पुन्हा पुन्हा घेतलेल्या सराव परीक्षा, उत्तरपत्रिकांची बारकाईने तपासणी आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे लक्ष, असे तिचे स्वरूप होते. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर पोहोचला. पुढे वैद्यकीय प्रवेश 'नीट' या देशपातळीवरच्या परीक्षेवर होऊ लागले. तयारीचे केंद्र महाविद्यालयाच्या वर्गातून खासगी क्लासमध्ये सरकले. लातूरचा 'ट्यूशन एरिया' आणि नांदेडचा बाबानगर परिसर क्लास, वसतिगृहे, मेस आणि अभ्यासिका यांनी भरून गेला.

क्रयवस्तू : मार्क्स

कार्ल मार्क्सने 'भांडवल' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१८६७) उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य असा फरक केला. वस्तू कशाच्या उपयोगी पडते हे तिचे उपयोगमूल्य. बाजारात तिच्या बदल्यात काय मिळते हे विनिमयमूल्य. विक्रीसाठीच निर्माण झालेली गोष्ट म्हणजे क्रयवस्तू. क्रयवस्तूच्या अंगीच काही जादू आहे असे वाटू लागते आणि तिच्यामागचे माणसांचे श्रम नजरेआड होतात, याला मार्क्सने वस्तुपूजा म्हटले.

शिकवणी ही क्रयवस्तू झाली आहे, हे करव्यवस्थेतही दिसते. शाळेच्या शिक्षणाला जीएसटी लागत नाही. नोंदणीकृत खासगी क्लासच्या फीवर मात्र १८ टक्के जीएसटी आहे. वस्तुपूजेचा अर्थ फ्लेक्सवरून कळतो. टॉपरच्या फोटोशेजारी क्लासचे नाव असते. सोयाबीन विकून फी भरणारे वडील, पहाटे उठून एसटीने डबा पाठवणारी आई, दहावीपर्यंत शिकवणारे जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी त्या फ्लेक्सवर नसतात. निकाल जणू क्लासच्या नावातूनच निघाला, असे दिसते.

संस्कृती उद्योग : अडोर्नो आणि होर्कहायमर

थिओडोर अडोर्नो आणि मॅक्स होर्कहायमर या जर्मन विचारवंतांनी १९४० च्या दशकात 'संस्कृती उद्योग' ही संकल्पना मांडली. सिनेमा, रेडिओ, गाणी कारखान्यातल्या मालासारखी एका साच्यात तयार होतात आणि वरवरचे फरक दाखवून 'खास तुमच्यासाठी' म्हणून विकली जातात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी हे करमणुकीबद्दल लिहिले होते. पण फाउंडेशन, रेग्युलर, रिपीटर अशा वेगवेगळ्या नावांच्या बॅचमध्ये जेव्हा त्याच अभ्यासक्रमाचे बहुपर्यायी प्रश्न सोडवून घेतले जातात, तेव्हा हा विचार शिक्षणालाही लागू पडतो.

चिन्हमूल्य : व्हेब्लेन आणि बोद्रियार

थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ मध्ये दाखवले, की श्रीमंत वर्गाचा बराचसा खर्च गरजेसाठी नसून चारचौघांत दिसण्यासाठी असतो. जाँ बोद्रियारने १९७० मध्ये हा विचार पुढे नेला. आजचा ग्राहक वस्तूपेक्षा त्या वस्तूतून मिळणारी खूण विकत घेतो, असे त्याने मांडले. 'पोरगं लातूरला असतं' या वाक्याला गावाकडे जे वजन आहे, ते चिन्हमूल्य होय. परीक्षेचा निकाल लागण्याआधीच कुटुंबाला ते मिळालेले असते.

धुरीणत्व आणि हाक : ग्राम्शी आणि अल्थुसर

अंतोनिओ ग्राम्शीने मुसोलिनीच्या तुरुंगात लिहिलेल्या टिपणांत धुरीणत्वाचा सिद्धांत मांडला. सत्ता नुसत्या बळावर टिकत नाही; लोकांच्या संमतीवर टिकते, आणि ही संमती रोजच्या शहाणपणाच्या रूपात वावरते. 'मेहनत केली की नंबर लागतोच' हे असेच एक शहाणपण आहे. आकडे वेगळे सांगतात. २०२४ मध्ये नीटसाठी सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. देशात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाहून थोड्या जास्त. त्यांतल्याही साधारण निम्म्याच सरकारी महाविद्यालयांत होत्या. सगळ्यांनी दुप्पट मेहनत केली तरी जागा वाढत नाहीत.

लुई अल्थुसरने १९७० च्या निबंधात शाळेला आधुनिक समाजातली सर्वांत प्रभावी विचारप्रणालीची यंत्रणा म्हटले. विचारप्रणाली माणसाला हाक मारते आणि 'ओ' देताच तो माणूस तसा घडू लागतो, असे त्याचे म्हणणे. पंधरा वर्षांच्या मुलाला 'भावी डॉक्टर' म्हणणारी जाहिरात अशीच हाक मारते. त्या हाकेला 'ओ' दिल्यानंतर नापास होणे म्हणजे फक्त परीक्षेत कमी पडणे राहत नाही; आपण कोण, याच प्रश्नाचे उत्तर हरवते.

सांस्कृतिक भांडवल : बोर्द्यू आणि त्याआधी फुले

पिअर बोर्द्यूच्या मते पैशाप्रमाणेच भाषा, वाचन, आत्मविश्वास, ओळखी हेही भांडवल असते आणि ते घरातून मिळते. शाळा या भांडवलालाच 'गुणवत्ता' समजते व जुनी विषमता नव्याने निर्माण करते. महाराष्ट्रात महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे याच्या जवळचा मुद्दा मांडला होता. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, अशी त्यांची तक्रार होती.

लातूर पॅटर्नकडे या दृष्टीने पाहिले तर त्याची दुसरी बाजू दिसते. ज्यांच्या घरात इंग्रजी नव्हते, डॉक्टर नव्हते, अशा मुलांना परीक्षेचे तंत्र शिकवून त्याने ही दरी काही अंशी भरून काढली. आता तेच तंत्र फी देऊन घ्यावे लागते.

मर्यादा आणि आक्षेप

या सिद्धांतांवरचा मोठा आक्षेप असा, की ते ग्राहकाला भोळा समजतात. स्टुअर्ट हॉलने १९७३ मध्ये यावर उत्तर दिले. संदेश पाठवणाऱ्याचा अर्थ आणि घेणाऱ्याचा अर्थ एकच असतो असे नाही. कुणी तो जसाच्या तसा स्वीकारतो, कुणी नाकारतो, तर कुणी घासाघीस करून घेतो. 'डॉक्टर झाला तर झाला, नाहीतर फार्मसी आहेच' असे म्हणणारा पालक ही घासाघीसच करत असतो.

शिवाय पालकांचा हिशेब चुकीचाच असतो असे नाही. कोरडवाहू शेती, पावसाची खोट आणि कारखानदारीचा अभाव असलेल्या भागात सरकारी महाविद्यालयातली जागा हा घराचे दिवस पालटणारा थोडक्या मार्गांपैकी एक आहे. त्या जागांचे वाटपही राजकीय निर्णयांवर ठरते. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव असत. मराठवाड्यात महाविद्यालये कमी असल्याने इथल्या मुलांना त्याचा फटका बसे. मराठवाड्यातून झालेल्या मागणीनंतर सप्टेंबर २०२० मध्ये हे ७०:३०चे सूत्र रद्द झाले.

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, गुणांची किंवा प्रवेशाची हमी देणाऱ्या दिशाभूल करणाऱ्या जाहिराती करू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. अशा सूचना विकणाऱ्यावर काही बंधने घालतात. वीसांमागे एकाचाच नंबर लागणार असताना उरलेल्यांनी हा आपलाच दोष का मानावा, हा प्रश्न मात्र त्यांच्या कक्षेत येत नाही. विचारप्रणालीचे सिद्धांत तिथूनच सुरू होतात.