अटक झालेल्याचा ठावठिकाणा कसा शोधावा? नवापूर, बोईसर, तारापूर परिसरातील नागरिकांसाठी माहिती

नवापूर (जि. पालघर), खास प्रतिनिधी : तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीला गेलेला कामगार रात्री घरी परतत नाही. शेजारी सांगतात, ‘पोलिसांनी नेले.’ कोणत्या पोलिसांनी, कशासाठी, कोठे, हे कोणालाच ठाऊक नसते. घरची माणसे कधी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर, तर कधी बिहार-उत्तर प्रदेशातील गावी असतात. अशा वेळी पहिले चोवीस तास फार मोलाचे असतात. वकील देणे, जामिनाची तयारी करणे, आजारी माणसाला औषध पोचवणे हे सारे ठावठिकाणा कळल्यावरच शक्य होते. ही माहिती मिळवणे हा नागरिकांचा हक्क आहे. मात्र ती एका ठिकाणी मिळत नाही. पोलीस ठाणे, नियंत्रण कक्ष, संकेतस्थळ, न्यायालय आणि कारागृह अशा पायऱ्यांनी ती गोळा करावी लागते.

अमेरिकेसारखी यादी येथे नाही

अमेरिकेत अनेक परगण्यांतील शेरीफ कार्यालये तुरुंगात दाखल झालेल्यांची नावे, आरोप आणि बऱ्याचदा छायाचित्रेही संकेतस्थळावर रोजच्या रोज प्रसिद्ध करतात. परदेशी राहणारे आपल्याकडील नातेवाईक तशीच यादी पालघरसाठी शोधू लागतात आणि निराश होतात. आपल्याकडे तुरुंगात दाखल होणाऱ्यांची अशी खुली यादी नसते. अटकेची नोंद मुळात पोलीस ठाण्यात होते. तिची दखल ठाणे दैनंदिनीत, म्हणजे ‘स्टेशन डायरी’त घेतली जाते आणि अटकेचा पंचनामा केला जातो. यातील काही भाग जनतेसाठी खुला आहे, काही केवळ संबंधितांसाठी, तर काही पूर्णपणे गोपनीय.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानुसार अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे. कोठडीतील मृत्यूंकडे लक्ष वेधणारे एक पत्र १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधून सर्वोच्च न्यायालयाकडे गेले. न्यायालयाने ते याचिका म्हणून स्वीकारले. त्या डी. के. बसू खटल्याच्या १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने अटकेविषयी अकरा निर्देश दिले. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला अटकेची माहिती कळवून ती फलकावर लावावी, हा त्यांपैकीच एक. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन १ नोव्हेंबर २०१० पासून या निर्देशांना कायद्याचे बळ मिळाले.

१ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्यातील पुढील कलमे नागरिकांनी लक्षात ठेवावीत.

कलम ३६ : अटकेच्या वेळी पंचनामा करून त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित नागरिकाची साक्ष आणि अटक झालेल्याची सही घ्यावी लागते.

कलम ३७ : प्रत्येक जिल्ह्यात व प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक पोलीस उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी नेमून त्याच्याकडे अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि आरोपाचे स्वरूप यांची नोंद ठेवण्याची जबाबदारी द्यावी लागते. ही माहिती पोलीस ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल स्वरूपातही, प्रदर्शित करावयाची असते. या लेखाच्या विषयाचे मूळ या कलमातच आहे.

कलम ४७ आणि ४८ : अटकेची कारणे आरोपीला, तर अटक व कोठडीचे ठिकाण त्याच्या नातेवाइकाला, मित्राला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला तत्काळ कळवावे लागते. कोणाला कळवले याची नोंद ठाण्यातील वहीत होते आणि दंडाधिकाऱ्यांनी तिची खातरजमा करावयाची असते.

अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत, लेखी स्वरूपात आणि दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी मिळाली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात स्पष्ट केले. परराज्यांतून आलेल्या कामगारांची संख्या मोठी असलेल्या बोईसर परिसरासाठी भाषेचा हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

आधी ठाणे नक्की करा

शोध बहुधा येथेच चुकतो. राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘नवापूर पोलीस ठाणे’ दिसते, पण ते नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्याचे आहे. समुद्रकाठच्या आपल्या नवापूर गावाचा त्याच्याशी काही संबंध नाही. येथील नागरिकांनी जिल्हा म्हणून पालघर निवडावा आणि घटना कोणत्या हद्दीत घडली ते पाहून ठाणे ठरवावे. नावावरून आणखी एक गोंधळ होतो. ‘तारापूर औद्योगिक वसाहत’ असे नाव असले, तरी ती बोईसरला लागून आहे आणि तेथील गुन्ह्यांची नोंद बोईसर पोलीस ठाण्यात होते. तारापूर पोलीस ठाणे निराळे आहे.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीची जुनी प्रकरणे त्यामुळे ठाणे ग्रामीण पोलिसांच्या नावावर आढळतात. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाल्याने वसई तालुका जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतून बाहेर पडला. विरारमध्ये अटक झालेल्याचा शोध पालघरच्या नियंत्रण कक्षात घेऊन उपयोग नाही.

रेल्वेच्या हद्दीत झालेली अटक लोहमार्ग पोलिसांकडे नोंदली जाते. दमणहून येणाऱ्या दारूच्या प्रकरणांत राज्य उत्पादन शुल्क विभाग स्वतंत्रपणे कारवाई करतो. स्थानिक ठाण्यात ‘असा कोणी आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळाले, तर या दोन ठिकाणीही चौकशी करावी.

संकेतस्थळावर काय मिळते?

‘युथ बार असोसिएशन’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश दिला, की प्रथम माहिती अहवाल, अर्थात एफआयआर, नोंद झाल्यापासून चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा. दुर्गम भागात अडचण असल्यास ही मुदत जास्तीत जास्त ७२ तास. लैंगिक गुन्हे, दहशतवाद, बालकांवरील अत्याचार अशी संवेदनशील प्रकरणे यातून वगळली आहेत. एफआयआर रोखून ठेवण्याचा निर्णय किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच घ्यावयाचा असतो.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख निवडून प्रसिद्ध झालेले एफआयआर पाहता येतात. गुन्हा रजिस्टर क्रमांक, म्हणजेच ‘गु.र.नं.’ आणि वर्ष, टिपून ठेवावे. पुढचा सारा शोध या क्रमांकावर चालतो. देशातील पोलीस ठाणी संगणकाने जोडणारा ‘सीसीटीएनएस’ प्रकल्प २००९ मध्ये मंजूर झाला. अटक झालेल्यांचा तपशील पुरवणे हे त्याअंतर्गत ठरलेल्या नागरिक सेवांपैकी एक आहे.

मात्र एफआयआर आणि अटक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एफआयआरमध्ये नाव असून अटक झालेली नसते, तर कधी ‘अज्ञात’ आरोपीविरुद्ध गुन्हा असतो आणि अटक नंतर होते. संहितेच्या कलम १७० खालील प्रतिबंधात्मक अटकेत तर एफआयआर नसतोच. अशा माणसाचे नाव संकेतस्थळावर सापडले नाही, म्हणून तो कोठडीत नाही असे समजू नये.

न्यायालय आणि कारागृह

चोवीस तास उलटले की शोध न्यायालयाकडे वळवावा. ‘ई-कोर्ट्स’ संकेतस्थळावर व मोबाइल अॅपवर पक्षकाराच्या नावाने किंवा पोलीस ठाणे, एफआयआर क्रमांक व वर्ष टाकून प्रकरण शोधता येते. नाव इंग्रजीत लिहिताना अक्षरे बदलतात, त्यामुळे क्रमांकाने शोधणे अधिक खात्रीचे. प्रकरण सापडले की त्याचा सोळा अंकी ‘सीएनआर’ क्रमांक लिहून ठेवावा. ताज्या कोठडीची नोंद संगणकावर दिसेलच असे नाही. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात प्रत्यक्ष चौकशी केल्यास किंवा वकिलामार्फत पाहिल्यास पोलीस कोठडी मिळाली की न्यायालयीन कोठडी, ते कळते.

पोलीस कोठडीतील व्यक्ती पोलिसांच्या ताब्यात, तर न्यायालयीन कोठडीतील व्यक्ती कारागृहात असते. कोणत्या कारागृहात पाठवले ते न्यायालयाच्या हुकमावर नमूद असते. पालघर परिसरातील आरोपींच्या बाबतीत ठाणे मध्यवर्ती कारागृहाचे नाव अनेकदा पुढे येते. भेटीसाठी राष्ट्रीय कारागृह पोर्टलवरील ‘ई-मुलाकात’ सेवेतून नोंदणी करता येते.

माहितीच्या अधिकाराचा उपयोग

माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. त्याच्या उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे, पण व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी, असे कलम ७ (१) सांगते. अर्जाच्या शिरोभागी तसा स्पष्ट उल्लेख करावा. तपासात अडथळा येईल या कारणाने माहिती नाकारता येते. तथापि केवळ तपास सुरू आहे एवढे कारण पुरेसे नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात २००७ मध्ये म्हटले आहे. वैयक्तिक माहितीविषयीचे कलम ८ (१) (ञ) मात्र नोव्हेंबर २०२५ पासून विदा संरक्षण कायद्यामुळे अधिक कडक झाले आहे. त्रयस्थाची माहिती मागणाऱ्यांना याचा अडसर जाणवेल.

काय मिळणार नाही?

पोलिसांची तपास डायरी आरोपीलाही पाहता येत नाही. आरोपपत्रे संकेतस्थळावर टाकण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी फेटाळली. अठरा वर्षांखालील मुलांची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने, तर लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने मनाई आहे.

पालघरने पाहिलेल्या दोन बाजू

अटकेची माहिती उघड होण्याचे मोल या जिल्ह्याने दोनदा अनुभवले. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्यावरून नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. ही बातमी देशभर पोचली, टीकेची झोड उठली आणि पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. त्या घटनेतून उभ्या राहिलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द केले.

दुसरी घटना १६ एप्रिल २०२० ची. गडचिंचले येथे दोन साधू व त्यांच्या चालकाची जमावाने हत्या केली आणि समाजमाध्यमांवर आरोपींच्या धर्माविषयी अफवा पसरल्या. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांच्या नावांची यादीच प्रसिद्ध केली. ताब्यातील अल्पवयीनांची नावे त्यात नव्हती. अफवेला उत्तर मिळाले, पण आरोप सिद्ध होण्याआधीच शंभराहून अधिक माणसांची नावे कायमची सार्वजनिक झाली, हेही खरे.

अटक म्हणजे दोष नव्हे

घरमालक, ठेकेदार आणि कारखान्यांचे व्यवस्थापक यांनी हे ध्यानात ठेवणे गरजेचे आहे. जुन्या एफआयआरमध्ये सारख्या नावाचा माणूस आढळला म्हणून कोणाला खोली किंवा काम नाकारणे अन्यायाचे ठरेल. तो माणूस निराळा असू शकतो, किंवा निर्दोष सुटलेलाही असू शकतो. पडताळणी हवी असल्यास संबंधित व्यक्तीनेच पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घेणे हा सरळ मार्ग. आरोपीला दोषी ठरवणारा मजकूर फिरवणाऱ्यावर बदनामीची कारवाई होऊ शकते.

नातेवाइकांनी क्रमाने काय करावे?

१. घटनेची वेळ, ठिकाण, पाहणाऱ्यांची नावे आणि वाहनाचा क्रमांक लिहून ठेवावा.

२. हद्दीतील ठाण्यात जाऊन कलम ३७ खालील नियुक्त अधिकाऱ्याची भेट घ्यावी, फलक पाहावा. नकार मिळाल्यास लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

३. जिल्हा नियंत्रण कक्षात चौकशी करावी. तातडीच्या मदतीसाठी ११२ क्रमांक आहे.

४. गु.र.नं. मिळताच एफआयआर काढावा आणि वकिलाला कळवावे. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरणाची मदतवाहिनी १५१००.

५. चोवीस तास उलटूनही थांग लागला नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करावी. बेकायदा डांबून ठेवल्याचा संशय असल्यास कलम १०० खाली दंडाधिकाऱ्यांकडे शोध वॉरंट मागता येते, तसेच मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका दाखल करता येते.

प्रत्येक टप्प्यावर तारीख, वेळ आणि भेटलेल्या अधिकाऱ्याचे नाव व पद नोंदवून ठेवावे. माणूस नेमका कधी ताब्यात घेतला, हा प्रश्न पुढे न्यायालयात उभा राहतो, तेव्हा नातेवाइकांनी त्या रात्री वहीत केलेली नोंद आणि शिक्का मारलेली पोच हाच आधार ठरतो.